दुपारची राखण

मिठबावच्या किनाऱ्याला लागून माडांच्या ज्या वाड्या आहेत, त्यांतल्या एका वाडीत आनंदी आणि शंकर राहतात. अजूनही राहतात, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना उगाच जीव टांगणीला लागायला नको. आणि भर दुपारची गोष्ट आहे, तेव्हा दिवा मोठा करायचीही गरज नाही. काळोखात जे दिसतं त्याची आपण तयारी ठेवलेली असते. लख्ख उन्हात दिसतं त्याचं काय करायचं, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही.

त्या दिवशी आनंदी घराबाहेर पडली ती नारळ, पान-सुपारी आणि एक विडी घेऊन. वाडीच्या टोकाला उंडीचं जुनं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी एक साधा दगड. तो राखणदाराचा. ज्यांच्या माडबागा आहेत त्यांना हे सांगायला नको; जमीन आपल्या नावावर असली तरी ती राखतो तो दुसराच कुणीतरी, आणि वर्षातून एकदा त्याला त्याची राखण द्यावी लागते. गेली दोन वर्षं ती राहून गेली होती, कारण दरवर्षी ती देणारा माणूस अंथरुणावर होता.

तो माणूस म्हणजे आनंदीचा नवरा, शंकर. मालवाहू बोटींवर आचारी म्हणून जन्म काढून तो घरी परतला आणि आनंदीच्या बांगड्याच्या तिखल्यात खोड्या काढू लागला. मीठ कमी, त्रिफळं जास्त, कोकमाचं आगळ कुठलं घातलंस, असं रोज. ती म्हणायची, बोटीवर खलाशांना काय शिजवून घालत होतात ते मला ठाऊक आहे, ते बिचारे समुद्रात उडी टाकायच्या बेतात असतील. असं दोघांचं मजेत चाललं होतं. मग एका सकाळी दात घासताना त्याच्या हातून तांब्या पडला आणि पाठोपाठ तोही पडला. उजवी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, पण शाबूत राहिलं. देवानं नेमकं नको ते ठेवलं, असं आनंदी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि शंकर आतून हसायचा.

हे सुरुवातीचं. दोन वर्षांत थट्टा आटत गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. पुसायचं, बदलायचं, पावडर लावायची, पेज भरवायची, औषधं द्यायची, आणि हे संपेपर्यंत पुन्हा कूस बदलायची वेळ. रात्री तेच. पाठीखाली हवेची गादी, तिचा पंप दिवसरात्र घरघरत असायचा, आणि आनंदीला झोप लागली तरी ती त्या घरघरीवर कान ठेवूनच. मुलगा ओंकार आणि सून अक्षया मुंबईला. दोघं रोज संध्याकाळी फोन करून विचारत, एखादी बाई ठेवूया का. शेजारची दीपिका कुंपणावरून विचारी, काकी, दुपारची मी बसू का तासभर, तू जरा आडवी हो. आनंदीचं उत्तर ठरलेलं होतं. माझ्या हातचं सोडून ते खात नाहीत. ह्याला माया म्हणायचं की हट्ट, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर दोन्ही होतं, आणि माया जास्त होती म्हणून हट्ट कुणाला दिसत नव्हता.

त्या सकाळी शंकरचा घास तोंडातच राहिला. गिळेना. आनंदी थांबली, पुन्हा थांबली, आणि मग तिच्या हातून चमचा असा जोरात गेला की तो त्याच्या दातांवर वाजला. ओठाला रक्त आलं. शंकर तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "आनंदी, जरा नीज गो."

तिला शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती स्वयंपाकघरात गेली, तोंडात पदर कोंबून रडली. आज चमचा गेला, उद्या काय जाईल, ह्याची तिला स्वतःचीच भीती वाटली. ज्याच्यावर जीव टाकला त्याच्याच अंगावर आपला हात पडणार, हे तिला दिसायला लागलं होतं. मग तिनं डोळे पुसले, नारळ घेतला आणि उंडीकडे निघाली.

आता इथं आनंदीनं एक चूक केली. ती चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे, म्हणून जरा सांगतो. देवापुढे, राखणदारापुढे गाऱ्हाणं घालतात ते एकट्यानं घालत नाहीत. एकजण बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. अगदीच कुणी नसेल तर घरातलं एखादं पोर तरी बरोबर नेतात. का, ते कुणी सांगत नाही. आनंदीनं कुणालाच बरोबर नेलं नव्हतं. दीपिका कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, पण तिला हाक मारायची तर काय घडलं ते सांगावं लागणार.

ऊन डोक्यावर आलं होतं. वारा पडला होता. एकाही माडाचं पान हलत नव्हतं आणि समुद्राची गाजही त्या वेळी का कोण जाणे, ऐकू येत नव्हती. आनंदीनं दगडापुढे पान मांडलं, हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा," ती म्हणाली, "घरातलो पुरुष अंथरुणार आसा, म्हणान मी बाईमाणूस तुझ्यापुढे उभी रवलंय. माझ्या हातसून कायतरी वायट होवच्या आधी माका सांभाळ. माझो थकवा जायसर तू तेका राख, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

पोफळींच्या बाजूनं आलं. मोठ्यानं नव्हे, जवळ उभ्या माणसानं म्हणावं तसं. गाऱ्हाण्याला आयुष्यभर साथ देणाऱ्या माणसाचा असतो तसला सवयीचा आवाज. आनंदीला वाटलं, विश्रामकाका असणार. वाडीत गाऱ्हाण्याचा मान त्यांचाच. तिनं वळून हाक मारली. पोफळींच्या खाली सावली होती आणि कुजायला टाकलेल्या नारळाच्या सोडणांचा ओला वास होता. माणूस नव्हता. तिनं नारळ वाढवला आणि घरी आली. अंगावर काटा आला होता, पण शंकरची कूस बदलायची वेळ झाली होती, आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना घाबरायलाही सवड लागते.

कूस बदलून ती खाटेशेजारी भिंतीला टेकली. पाच मिनिटं, असं मनाशी म्हणाली. पंपाची घरघर कानात होती. मग ती लांब गेली, मग आणखी लांब, आणि मग नव्हतीच.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. ती धडपडत उठली. एवढा वेळ हा एका कुशीवर, ओला, उपाशी! पण शंकर दुसऱ्या कुशीवर होता. चादर बदललेली, कोपरे घट्ट खोचलेले. अंगाला पावडर लावलेली. मोरीशी वाडगा धुऊन पालथा घातलेला.

"उठलंस?" शंकर म्हणाला. "आणखी निजूचा मा."

तिनं विचारलं, तुम्हाला कोणी वळवलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू मा परतवलंस. भरवलंस. आज हात थंडगार होते तुझे. बरा वाटला."

आनंदीनं स्वतःची समजूत घातली. थकलेल्या माणसाच्या हातून झोपेतही कामं होतात, बायकांच्या हातून तर होतातच. ती ह्यापुढे विचार करायला गेली नाही. कारण डोकं हलकं झालं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला अंगणातल्या जास्वंदीचा रंग दिसला.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. मग ती दुपारी मुद्दाम चटई घेऊन मागच्या पडवीत जाऊन आडवी व्हायला लागली. जाताना दार अर्धं ओढून घ्यायची आणि मागे बघायची नाही. हे लक्षात घ्या, बघायची नाही. ज्याला काही माहीत नसतं तो मागे बघतो. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, अंगावर मांस आलं. दीपिका म्हणाली, काकी, बाई ठेवलीस वाटतं, बरं केलंस. आनंदी नुसती हसली.

मग झोप वाढत गेली. तिनं मागितली त्यापेक्षा वाढली. सकाळी कोकमाची सोलं वाळत घालता घालता तिचे डोळे मिटायचे. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायला काडी ओढायची आणि जाग यायची तेव्हा दिवा लागलेला असायचा. ती शंकरजवळ बसायची ते घटकाभर. आणि त्या घटकेतही तो तिला ठाऊक नसलेलं काहीतरी बोलायचा. कोलंबोच्या बंदरात त्यांच्या बोटीवर माकड चढलं होतं ती गोष्ट तिनं कधीच ऐकली नव्हती. शंकर म्हणाला, अगं काल तर सांगितली तुला. आईच्या शेवटच्या दिवसांत आपण बोटीवर होतो ह्याचं त्याला किती लागलं, हे तो चाळीस वर्षांत तिच्यापाशी बोलला नव्हता. तेही त्यानं "काल" सांगून टाकलं होतं.

"हल्ली तू कायच बोलणस नाय," तो म्हणाला. "नुसती आयकत रवतंस. पण बरा आयकतंस."

आनंदी उठून बाहेर गेली. भीती होती, पण तिच्या आधी आला तो जळफळाट. आपल्या नवऱ्याचं मन दुसरंच कुणीतरी ऐकतंय, आणि आपल्यापेक्षा चांगलं ऐकतंय, न चिडता, न घड्याळाकडे बघता! तिनं ठरवलं, आज आपल्या हातानं भरवायचं. तिनं बांगड्याचं तिखलं केलं, मऊ भात केला, काटे काढले, घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

शंकरनं मान फिरवली. आत्ताच जेवलो की, म्हणाला.

तिनं पेजेचं मडकं उघडून बघितलं. सकाळची पेज तशीच होती, वर साय धरलेली. कित्येक दिवस रोजची पेज अशीच उरत होती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. मग हा जेवतोय काय? ती परत आली, पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि पदराकडे बघितलं. माती होती. माडाच्या आळ्यात असते तशी, वाळू मिसळलेली ओली माती. तिला त्या सोडणांचा वास आला, शंकरच्या श्वासाला.

तिनं त्याला नीट बघितलं, किती दिवसांनी. तो हलका झाला होता. टाचा खरखरीत, करड्या पडल्या होत्या. चांगल्या, डाव्या हातानं तो पूर्वी चादर चिवडत बसायचा, तो हात आता तासन्‌तास एका जागी पडून असायचा. चेहरा मात्र शांत होता. उभ्या झाडासारखा शांत.

त्या दुपारी तिनं डोळ्यांना पाणी लावलं, खाटेच्या दांडीला धरून उभी राहिली, स्वतःला चिमटे काढले. पंपाची घरघर लांब जायला लागली तशी ती मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागली. जाग आली तेव्हा ती मागच्या पडवीत चटईवर होती, अंगावर पांघरूण नीट घातलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीनं आयुष्यात पहिल्यांदा कुंपणाशी जाऊन दीपिकेला हाक मारली. म्हणाली, दुपारी माझ्याकडे येऊन बसशील? मला एकटीला निभत नाही गं. एवढं बोलताना तिनं पदर डोळ्यांना लावला. दीपिकेला वाटलं, त्यात रडण्यासारखं काय आहे, जेवण उरकून येते म्हणाली.

पण जेवणं उरकायच्या आतच आनंदीला झोपेनं गाठलं.

कुणीतरी गदागदा हलवत होतं. तिनं डोळे उघडले तर दीपिका, घामानं थबथबलेली, आणि तिचे हात बर्फासारखे.

"काकी..." दीपिका कुजबुजली, "तू हंय निजलंस... मगे आत कोण आसा?"

पुढच्या दारानं आली होती ती. खोलीच्या उंबऱ्यावरूनच तिनं आनंदीची पाठ बघितली. तेच जांभळं लुगडं, तोच अंबाडा, खाटेवर वाकून शंकरकाकांना भरवत होती. मी आले गं काकी, असं ती म्हणालीसुद्धा. पाठीनं हुंकार दिला. मग हात धुवावेत म्हणून ती मागच्या पडवीत आली, आणि बघते तर आनंदी चटईवर. तेच जांभळं लुगडं. तोंड उघडं टाकून घोरत.

दोघी एकमेकींचा हात धरून आत गेल्या. लख्ख ऊन खोलीत आलं होतं. कोणी नव्हतं. लाइट होती, तरी गादीचा पंप गप्प होता. शंकर आढ्याकडे बघत होता, आणि त्याचं तोंड पुढच्या घासासाठी उघडं होतं. ओठांवर माती होती. आनंदीनं ती बोटानं काढली, जिभेवरची काढली, आणि ती काढत असतानाच पंप पुन्हा घरघरायला लागला.

विश्रामकाकांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, हसले तर नाहीतच. फक्त एक विचारलं, गाऱ्हाण्यात मुदत काय घातलीस? आनंदीनं शब्द आठवून सांगितले. माझा थकवा जाईपर्यंत.

"बाये, थकवा जाता काय कधी?" ते म्हणाले. "आणि तेच्यार रागा नको हां. तू राख म्हणालंस, तो राखता. पण तेका झाडा राखूक म्हायत. माणसाक काय लागता, ता तेका कोण शिकयतलो?"

त्यांचं म्हणणं असं की राखणदार आपली जागा सोडत नाही. त्याला हाकलून चालत नाही, मोकळा करावा लागतो. आणि पहाऱ्यावरचा माणूस मोकळा होतो तो दुसरं कोणी त्याच्या जागी उभं राहिलं तरच. तेव्हा माणसं जमव, म्हणाले. आणि त्यांच्यापुढे तोंड उघड.

हे दुसरं आनंदीला पहिल्यापेक्षा कठीण गेलं. पण तिनं ओंकारला फोन केला आणि खरं ते सांगितलं. राखणदाराचं नव्हे, ते नंतर. चमचा दातांवर कसा वाजला, ते सांगितलं. ओंकार म्हणाला, आई, आम्ही निघतो. तो आणि अक्षया रात्रीची गाडी धरून सकाळी नांदगाव रोड स्टेशनला उतरले आणि रिक्षा करून दारात आले. वडिलांना बघून ओंकार खाटेशी बसला आणि त्यांच्या खरखरीत टाचा चोळू लागला.

वाडीतली माणसं जमली आणि शंकरला प्लास्टिकच्या आरामखुर्चीत बसवून चौघांनी उचललं. दोन वर्षांनी तो घराबाहेर आला होता. उन्हानं त्याचे डोळे मिटमिटत होते आणि तो म्हणाला, सावकाश रे, मी काय गणपती नाय. त्यावर सगळे हसले. हसतच सगळी मिरवणूक उंडीखाली पोचली आणि तिथं मात्र आपोआप गप्प झाली. वारा पडलेला होता.

विश्रामकाका गाऱ्हाणं घालू लागले. माणसं साथ देत होती. मग ते थांबले आणि म्हणाले, म्हाराजा, तुझ्या जागेवर उभं राहायला माणसं आली आहेत, त्यांची तोंडं बघून घे. एकेकानं पुढे या.

सकाळचं अंघोळ-पुसणं मी बघीन, असं दीपिका म्हणाली. दर महिन्याला आठवडाभर मी येईन, रात्री माझ्या, असं ओंकार म्हणाला. अक्षयानं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, आम्ही दोघं. मग विश्रामकाकांनी विचारलं, आणि दुपार?

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. पोफळींच्या बाजूनं तो ओला वास आला. आनंदीनं शंकरचा उजवा, मेलेला हात आपल्या हातात धरला होता. तिला आपली पापणी जड झाल्यासारखी वाटली. ती झोप होती. येत होती, नेहमीसारखी, उभ्या उभ्या. तिच्या कानातून माणसांचा श्वास लांब जायला लागला...

"दुपारची मी," असं कोणीतरी म्हणालं.

शेजारच्या वाडीतली हौसाबाई होती, विश्रामकाकांनी बोलावून आणलेली. देवगडला एका दवाखान्यात आयाचं काम केलेली, आता घरीच असलेली. पुढे येऊन तिनं पदर खोचला. आनंदीनं डोळे ताणून उघडले.

"माझो माणूस माझ्या हातात दी, म्हाराजा," ती म्हणाली.

आणि तिच्या हातातला शंकरचा हात एकदम जड झाला. एवढा की तिला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागला. इतका वेळ कोणीतरी तो खालून तोलून धरला होता.

त्या संध्याकाळी शंकर आनंदीच्या हातचा भात जेवला. पहिला घास गिळला, दुसरा गिळला, आणि म्हणाला, मीठ खंय टाकलंस, समुद्रात? आनंदीनं ताट खाली ठेवलं आणि ओक्साबोक्शी रडली. हौसाबाई दारातून म्हणाली, एवढंसुद्धा कमी नव्हतं हो.

मग दिवस बरे गेले. ठरल्याप्रमाणेच सगळं झालं असं नाही. दीपिका कधी उशिरा यायची, ओंकारचा एक महिना चुकला, हौसाबाईची बडबड शंकरला सोसत नव्हती. पण आनंदी देवगडला जाऊन स्वतःचा रक्तदाब दाखवून आली, एकदा समुद्रावर नुसतीच जाऊन बसली. चिडचिड व्हायची तेव्हा ती उठून दुसऱ्याला हाक मारायची. शंकरचा डावा हात परत चादर चिवडायला लागला.

एके दिवशी न्हाऊन, केस मोकळे सोडून, ती त्याच्या हाताला तेल चोळत बसली होती. शंकर म्हणाला, मला ठाऊक होतं.

तिनं विचारलं, काय?

"ता तू नाय म्हणान. पयल्याच दिसा कळला. तुझो हात माका वळखूक येवचो नाय?"

आनंदीचं चोळणं थांबलं. "मगे बोलल्यात नाय कित्या? माती खाल्ल्यात तुमी..."

"तू निजत होतंस मा," शंकर म्हणाला.

तिनं त्याच्या छातीवर एक हलकी चापट मारली आणि मग तिथंच कपाळ टेकलं. कितीतरी वेळ. असल्या माणसाला काय म्हणावं, हे तिला अजून सुचलेलं नाही. शंकर डाव्या हातानं तिचे ओले केस थोपटत होता.

"तो जाताना तेका एक काम सांगलंय," तो म्हणाला. "माझ्या मागसून तुका राख म्हणान."

तिनं डोकं वर केलं. राखण देताना दरवर्षी त्यानंच गाऱ्हाणं घातलं होतं. काय बोलायचं, कुठं थांबायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. "मुदत काय घातल्यात?" तिनं विचारलं.

शंकर हसला. त्याच्या वाकड्या ओठाचं ते हसू तिला फार आवडायचं.

"तुका मुदत कसली घालू गो?"

तेवढ्यात हौसाबाई आली, चला, आता माझी वेळ, तुम्ही पडा जाऊन, म्हणाली. आनंदी मागच्या पडवीत गेली. झोप येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण आली, गाढ आली. उठली तेव्हा उन्हं कलली होती. मानेखाली काहीतरी टोचत होतं म्हणून तिनं हात मागे नेला. तिच्या मोकळ्या केसांची वेणी घातलेली होती. घट्ट, सारखी, अगदी टोकापर्यंत.

मी कशाला घालू, असं स्वयंपाकघरातून हौसाबाई म्हणाली. मी तर पाटावर बसून खोबरं खवतेय मघापासून. दीपिका सकाळीच बाजाराला गेली होती. आणि वेणी घालायला दोन हात लागतात.

माझ्या मागसून, असं तो म्हणाला होता, आणि राखण तर सुरू झाली होती. आनंदी धावत खोलीत गेली. शंकर डोळे मिटून पडला होता. तिनं त्याच्या नाकाशी तळहात धरला आणि स्वतःचा श्वास रोखून उभी राहिली.

श्वास चालू होता. कोमट, एकसारखा. ती खाटेशी बसली आणि अंधार पडेपर्यंत तिनं हात तिथून काढला नाही.